मॅप मारलेली गाडी आणि आरसीचा कागद

२०१८ च्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. डिकी गच्च भरलेली, एसी चालू, बाहेर ऊन मी म्हणतंय. खंबाटकीचा चढ लागला, तिसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबला तर आरपीएमचा काटा सरसर वर गेला आणि गाडी मात्र जागची पुढं सरकेना, नाकात जळका वास, मागं ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि आई विचारतीये काय झालं रे. क्लच प्लेट घसरत होती. कशीबशी कडेला घेतली, अर्धा तास थंड होऊ दिली आणि सुरूर-भुईंजपर्यंत रांगत नेली. गाडी घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सेकंड हँड डिझेल सेडान, फर्स्ट ओनर, ५८ हजार चाललेली, सर्व्हिस बुकवर सगळे शिक्के. कंपनीचं नाव सांगत नाही कारण कंपनीची चूक नव्हतीच.

आमच्या मेकॅनिकने लॅपटॉप लावला आणि पाचच मिनिटात म्हणाला, दादा, या गाडीला कधीतरी मॅप मारलेला आहे, म्हणजे इंजिनचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेली, आणि विकायच्या आधी परत स्टॉक, म्हणजे कंपनीने दिला तसा, करून ठेवलाय. ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, फ्लॅश काउंटर म्हणून एक आकडा असतो, किती वेळा प्रोग्रॅम बदललाय त्याची मोजदाद ठेवणारा, आणि तो सर्व्हिसच्या नोंदींशी जुळत नव्हता. खाली जाऊन बघितलं तर ईजीआर (धूर थोडा परत इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करणारी व्यवस्था) बंद केल्याच्या खुणा, पाइपच्या क्लॅम्पवर पान्याचे ओरखडे. म्हणजे आधीच्या मालकाने दोन-तीन वर्षं ती गाडी वाढीव टॉर्कवर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जास्तीच्या जोरावर, पळवली, क्लच आणि फ्लायव्हीलचं आयुष्य त्याने खाल्लं आणि बिल आलं माझ्यावर. सत्तर हजारांच्या आसपास गेले. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण घाटात मागच्या सीटवर आई-बाबा होते ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

आता मी हे लिहितोय ते ट्यूनिंगच्या विरोधात असेल असं वाटेल. नाहीये. मी स्वतः ट्यूनिंग करणारा माणूस आहे, पंधरा वर्षांत नऊ गाड्या बदलल्यात, त्यातल्या चार ट्यून केल्यात. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे कायद्याने गाडीतल्या बदलांवर जी सरसकट बंदी आहे तिने ट्यूनिंग थांबलेलं नाही, थांबलीये ती फक्त त्याची नोंद, आणि नोंद नसल्यामुळे सगळ्यात जास्त मार बसतो तो ज्याने काहीच केलेलं नाही अशा माणसाला. सेकंड ओनरला, त्याच्या घरच्यांना, आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला.

आधी गाड्या बदलण्याबद्दल बोलू कारण त्यावरून आम्हाला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. परत बदलली? पैसे वर आलेत का? मागची काय वाईट होती? घरातले, सोसायटीतले, ऑफिसमधले, सगळेच. लोकांना वाटतं हा माज आहे. मला पटत नाही ते. कुणी दर वर्षी मोबाइल बदलतं, कुणी तीन वर्षांनी फ्लॅटचं इंटिरिअर नवीन करतं, त्यांना कुणी काही म्हणत नाही. आणि गाडी बदलली म्हणून जुनी गाडी काही भंगारात जात नाही, ती दुसऱ्याच्या दारात जाते. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १४. म्हणजे १५ लाखांच्या पेट्रोल गाडीवर पहिला मालक एक लाख ऐंशी हजार भरून मोकळा होतो, आणि राज्यातल्या राज्यात ती विकली तर पुढच्याला तो परत भरावा लागत नाही. इन्शुरन्सचा आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, काढताना घसाऱ्याचं कोष्टक ठरलेलं आहे, सहा महिने ते एक वर्षाला १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०. तो पहिला मोठा फटका आमच्यासारखे लोक सोसतात आणि म्हणून एखाद्या शिक्षकाला, दुकानदाराला, नवीन नोकरी लागलेल्या पोराला तीन वर्षांची चांगली गाडी परवडणाऱ्या किमतीत मिळते. माझी स्वतःची पहिली गाडी अशीच कुणाच्या तरी हौसेतून उतरलेली होती, फियाट पॅलिओ, १.६ पेट्रोल, सांगलीच्या एका डॉक्टरांची, आणि त्या गाडीने मला गाडी काय असते ते शिकवलं. स्टीअरिंगमधून रस्ता कळायचा. पेट्रोल प्यायची भरपूर, पण मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला तिचा जो आवाज यायचा तो अजून कानात आहे.

तर बदलणं वाईट नाही. पण गाडी जितक्या वेळा हात बदलते तितक्या वेळा तिच्याबद्दलची माहिती गळत जाते. पहिल्याने दुसऱ्याला अर्धं सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला काहीच नाही. शिवाय जो वारंवार गाड्या बदलतो तोच बहुतेक वेळा ट्यूनिंग करणारा असतो, म्हणजे ज्या गाड्यांमध्ये बदल झालेत त्याच बाजारात जास्त फिरतात. हे आमच्या बिरादरीने कबूल करायला पाहिजे. आम्ही गाडी विकताना काय करतो? मॅप स्टॉक करतो, ओरिजिनल सायलेन्सर परत लावतो, एअर फिल्टर बदलतो, पॉलिश मारतो आणि 'शोरूम मेंटेन' लिहून फोटो टाकतो. फसवायचा हेतू प्रत्येकाचा असतो असं मी म्हणणार नाही, बऱ्याच जणांना खरंच वाटतं की आता गाडी होती तशी झाली. पण सॉफ्टवेअर मागं नेता येतं, झिजलेला क्लच मागं नेता येत नाही.

ज्यांना या विषयाची माहिती नाही त्यांच्यासाठी ट्यूनिंग म्हणजे काय ते जरा सांगतो. आजच्या गाडीत इंजिनला पेट्रोल किती, हवा किती, ठिणगी कधी, इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोने किती दाब द्यायचा हे सगळं ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याच्यात जे कोष्टक भरलेलं असतं त्याला मॅप म्हणतात. ते कोष्टक बदललं की रीमॅप झाला, फक्त सॉफ्टवेअर बदललं तर स्टेज वन, सोबत डाउनपाइप, इंटरकूलर वगैरे सामान बदललं तर स्टेज टू, टर्बोच मोठा बसवला तर त्याच्या पुढचं. टर्बो गाडीत नुसत्या स्टेज वनने गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते, बिनटर्बोच्या साध्या पेट्रोल इंजिनात मात्र फार काही हाताला लागत नाही आणि तिथं पैसे घालू नये असंच मी प्रत्येकाला सांगतो.

आणि ही काही काळी जादू नाही, कंपन्या स्वतः हेच करतात. महिंद्राचं २.२ लिटर डिझेल इंजिन घ्या. थारमध्ये ते १३० हॉर्सपॉवर देतं, स्कॉर्पिओ एनच्या खालच्या मॉडेलला १३२, वरच्याला १७५, एक्सयूव्ही ७०० ला खालच्या मॉडेलमध्ये १५५ आणि वरच्यात १८५. सामानात थोडाफार फरक असतो, पण किती ताकद सोडायची ते शेवटी मॅपच ठरवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक्सयूव्ही ७०० च्या त्याच १८५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर टॉर्क ४२० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिक असेल तर ४५०. गिअरबॉक्स बघून टॉर्क ठरवलाय. चांगला ट्यूनर हेच करतो, आधी विचारतो क्लच किती सोसेल, गिअरबॉक्सची मर्यादा किती, पेट्रोल कुठलं टाकणार. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात स्पीड ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन मीटर मानली जाते, चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय कंपनीतून १७५ देत होती, मधली जागा किती आणि त्यातली किती वापरायची हा अभ्यासाचा विषय आहे. वाईट ट्यूनर इंटरनेटवरून कुठली तरी फाइल उतरवतो, पंधरा मिनिटात गाडीत टाकतो आणि पंधरा हजार खिशात घालतो. दोघांचं काम कायद्याच्या नजरेत सारखंच आहे. दोघंही गुन्हेगार.

पेट्रोलचंही तसंच. टर्बोचा दाब वाढवला की नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल इंजिनात अवेळी पेटण्याचा, धोका वाढतो, म्हणून ते रोखणारं ऑक्टेन जास्त लागतं. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० हे १०० ऑक्टेन पेट्रोल २०२० च्या डिसेंबरमध्ये आलं, पण ते मोठ्या शहरातल्या मोजक्या पंपांवर. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्यातलं काही इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांमधून येतं. इथेनॉलला ऑक्टेन चांगलं असतं पण ऊर्जा कमी, म्हणजे मॅप बसवतानाची सगळी गणितं बदलली. जुन्या पेट्रोलवर बसवलेला मॅप घेऊन आजही फिरणारी गाडी जर कुणी विकत घेतली, तर त्या घेणाऱ्याला हे कोण सांगणार?

आता कायदा. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे कलम आणखी घट्ट करून सांगितलं, कंपनीने जी गाडी बनवली त्यापासून हटायचं नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं, त्यात परवानगी नसलेले पार्ट बसवणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कोर्टाचं आणि संसदेचं म्हणणं मला समजतं. रस्त्यावर काय काय फिरतं ते आपण बघतो, बाहेर आलेली टायरं, डोळे फोडणारे पांढरे लाइट, बुलबार, कापलेल्या जीप. त्या सगळ्याला आळा घालायचा होता. पण एकाच दोरीने सगळ्यांना बांधलं. ज्याने चांगले ब्रेक आणि चांगली सस्पेन्शन बसवली तोही त्यात आणि ज्याने सायलेन्सर कापून अर्ध्या रात्री हॉस्पिटलसमोरून फटाके वाजवत गाडी नेली तोही त्यात.

आणि प्रत्यक्षात काय होतं? सायलेन्सर दिसतो आणि ऐकू येतो म्हणून पोलीस तो काढतात, त्याच्यावर रोड रोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पेपरात बघितलेत, आणि बरं करतात, मला त्यात काही वाईट वाटत नाही. पण रीमॅप दिसत नाही. तो पीयूसीत कळत नाही, पासिंगला कळत नाही, नाव ट्रान्सफर करताना तर गाडीच्या ईसीयूत बघायचा प्रश्नच येत नाही. आरसीवर गाडीची ताकद छापलेली असते, ती खरी आहे का ते तपासायला आरटीओकडे ना यंत्र ना आदेश. म्हणजे जो बदल गाडीच्या ब्रेकवर, टायरवर, क्लचवर सगळ्यात जास्त ताण आणतो तोच सगळ्यात सहज लपतो. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक, कुठंही जा, ट्यूनिंग करून देणारी दुकानं उघड चालू आहेत, त्यांच्या जाहिराती आपल्या मोबाइलवर येतात. सगळ्यांना माहिती आहे, फक्त कागदाला माहिती नाही.

इथं लोक म्हणतात की मग काय करायचं, आपल्याकडे अशी तपासणी करणारी यंत्रणाच नाही. चूक. आहे, आणि साठेक वर्षांपासून आहे, आणि पुण्यातच आहे. एआरएआय ही संस्था १९६६ ला स्थापन झाली, वेताळ टेकडीवर तिचं मुख्य ठिकाण आहे, कोथरूडचा माणूस रोज सकाळी तिच्या बाजूनं फिरायला जातो. सीएनजी किटचं बघा ना. पेट्रोलची गाडी गॅसवर चालवायची हा केवढा मोठा बदल आहे, इंधन बदललं, डिकीत २०० बारच्या दाबाची टाकी आली, वजन वाढलं. पण त्यावर बंदी नाही. मान्यता असलेलं किट घ्या, मान्यता असलेल्या सेंटरमधून बसवा, आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करा, इन्शुरन्सला कळवा, टाकीची तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करा. आणि आज तुम्ही सीएनजी लावलेली जुनी गाडी घ्यायला गेलात तर आरसीवर लिहिलेलं असतं, तुम्ही विचारता टाकीची टेस्ट कधी झाली, प्लेट दाखवा. घेणारा शहाणा झाला कारण कागद बोलका झाला. इथं सरकारनेच दाखवून दिलंय की बदल धोकादायक असू शकतो म्हणून त्यावर बंदी घालायची गरज नसते, तो मोजता आणि लिहिता येतो. हेच मला सस्पेन्शन, ब्रेक, टर्बो आणि मॅपसाठी पाहिजे. दुसरं काही नाही.

सॉफ्टवेअर कोण तपासणार असंही विचारतात. २०१५ ला फोक्सवॅगनचं जे डिझेल प्रकरण जगभर गाजलं ते काय होतं? टेस्ट चालू आहे हे ओळखून धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर कंपनीनेच गाडीत घातलं होतं. तेव्हा भारतात एआरएआयने त्या गाड्या तपासल्या, फरक सापडला आणि तीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवायचं कंपनीने जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीची लबाडी पकडता येते तर ट्यूनरने दिलेली फाइल गाडीची ताकद मोजणाऱ्या डायनोवर आणि धुराच्या यंत्रावर घालून बघणं अशक्य नाही. प्रत्येक गाडी नेऊ नका, ठरावीक इंजिनासाठी ठरावीक मॅप मंजूर करा, जसं ठरावीक गाडीसाठी ठरावीक सीएनजी किट मंजूर होतं.

माझा एक मित्र स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे, मूळचा इचलकरंजीचा. त्याने तिथं जुनी गोल्फ घेतली तेव्हा त्याच्या कागदांवर आधीच्या मालकाने बसवलेल्या कमी उंचीच्या स्प्रिंगची नोंद होती, कुठल्या बनावटीची, कुठल्या तपासणीने मंजूर. जर्मनीत पार्टसोबत तपासणीचा दाखला येतो, टीयूव्हीसारख्या संस्थेचा इंजिनिअर बसवलेलं काम बघतो आणि मग ते गाडीच्या कागदात चढतं, आणि दाखल्याशिवाय बसवलं तर गाडीची रस्त्यावर चालायची परवानगीच जाते. म्हणजे तिथं सैल कारभार नाही, उलट आपल्यापेक्षा कडक आहे. फरक इतकाच की तिथं सरळ वागणाऱ्याला सरळ वागायचा रस्ता ठेवलाय.

आपल्याकडेही असा अनुभव आहे, लांब जायला नको. बैलगाडा शर्यतीवर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. मंचर-खेड-जुन्नर भागातल्या कुणालाही विचारा, बंदीच्या काळात शर्यती थांबल्या का? पहाटे, आडरानात, चोरून व्हायच्या, गुन्हे दाखल व्हायचे, आणि तिथं ना जनावरांचा डॉक्टर ना बघ्यांसाठी काही सोय, कारण चोरून करायच्या गोष्टीत सोय कुणी करत नाही. २०१७ ला राज्याने कायदा केला, २०२१ च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने अटींवर परवानगी दिली, २०२३ ला घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला. आता कलेक्टरची परवानगी लागते, बैलाला मारायला-टोचायला मनाई आहे, मोडलं तर कुणाला धरायचं ते माहिती आहे. सगळं आदर्श चाललंय असं म्हणत नाही. पण शर्यतीचा घाट कुठं भरणार, जबाबदार कोण, हे कागदावर आलं. बैल आणि इंजिन एक नाही, बैलाला जीव आहे, तिथला प्रश्न जास्त नाजूक होता. तिथं जमलं तर इथं का नाही?

आता जो मुद्दा सगळ्यात जड आहे तो. वेग. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव गाडीचा जो अपघात झाला त्यानंतर पुण्यात वेगवान गाडीबद्दल काहीही चांगलं बोलायची सोय राहिली नाही आणि मी तो राग समजू शकतो, दोन तरुण जीव गेले. माझ्याही घरात त्या आठवड्यात बायकोने विचारलं, तुला एवढी ताकद कशाला पाहिजे? मी उत्तर टाळलं नाही, इथंही टाळत नाही. एक्सप्रेसवेवर सपाट भागात मर्यादा १०० आहे, समृद्धीवर १२०, तेवढ्यासाठी कुठल्याही गाडीला जास्तीची ताकद लागत नाही. मला ती पाहिजे कारण मला ते यंत्र आवडतं, त्याच्यातून जास्तीत जास्त काय निघतं ते बघायला आवडतं, जसं कुणाला तबल्याची शाई लावून घेताना तासन् तास बसायला आवडतं. ही हौस आहे आणि हौसेला रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाशी खेळायचा हक्क नाही. पण कल्याणीनगरची ती गाडी कंपनीनेच तितकी वेगवान बनवली होती, कायदेशीर रीतीने विकली जाणारी, आणि तिची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. तिथं चुकलं ते चालवणाऱ्याच्या हातात किल्ली देण्यापासून सगळं. आज कुणीही शोरूममध्ये जाऊन ४०० हॉर्सपॉवरची गाडी चेकने घेऊ शकतो आणि ते वैध आहे, पण माझी ११० ची गाडी मी १३५ ची केली, सोबत मोठे ब्रेक आणि चांगली टायरं घातली तर तो गुन्हा. हा वेगावरचा कायदा नाहीच. हा पैशावरचा कायदा आहे. ज्याच्याकडे भरपूर आहेत तो वेग विकत घेतो, ज्याच्याकडे कमी आहेत तो गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये लपून बनवतो.

हौसेला जागा लागते ती वेगळीच. रविवारी सकाळी ताम्हिणीत जा, ट्यून केलेल्या गाड्यांची रांग दिसेल, त्यात काही पोरं वळणावर समोरची लेन घेतात आणि मला ते बघून हात जोडून सांगावंसं वाटतं की बाबांनो, समोरून मुळशीचा दूधवाला येतो. मी तिथं सांगितलंयसुद्धा, दोनदा भांडणं झालीत. पण मग त्यांनी जायचं कुठं? मोठे ट्रॅक चेन्नईला, कोइम्बतूरला, ग्रेटर नोएडाला. पुण्याहून चेन्नई बाराशे किलोमीटर. कोल्हापुरात मोहितेंचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्यात, पण चाकण, रांजणगाव, नाशिक, संभाजीनगर एवढ्या ठिकाणी गाड्या बनवणाऱ्या राज्यात सामान्य माणसाला आपली रोजची गाडी घेऊन महिन्यातून एकदा फी भरून, हेल्मेट घालून, अँब्युलन्स उभी असताना पळवता येईल असा चेन्नईच्या तोडीचा ट्रॅक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि आमच्या लोकांना दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्यात, मग कुणाला राग आला तरी चालेल. कॅट (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढणं आणि डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) काढणं याला मी ट्यूनिंग म्हणत नाही. ती दुसऱ्याच्या फुप्फुसात केलेली घाण आहे. पीयूसीत डिझेलचा फक्त धूर बघतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, म्हणून पास झालो म्हणजे स्वच्छ आहोत असं नाही, आणि जो ट्यूनर तुम्हाला काही होत नाही म्हणतो तो खोटं बोलतो. नोंदीचा रस्ता उघडला तरी या दोन गोष्टी त्यात कधीच येऊ नयेत, आणि दंड आहे त्यापेक्षा वाढवावा. आवाजाचंही तेच, रात्री साडेअकराला ज्याच्या गाडीने माझं बाळ दचकून उठलं त्याच्यासाठी माझ्याकडे एकही शब्द नाही. दुसरं, ब्रेक आणि टायर आधी, मॅप नंतर. आमच्याकडे हे उलटं चालतं, कारण मॅप वीस-पंचवीस हजारात होतो आणि लगेच जाणवतो, ब्रेकमध्ये घातलेला पैसा मात्र ज्या दिवशी कुणी आडवं येतं त्या दिवसापर्यंत दिसत नाही. नोंद करताना सरकारने हीच अट घालावी, ताकद अमुक टक्क्यांपेक्षा वाढली तर ब्रेक आणि टायरची तपासणी पास झाल्याशिवाय आरसीवर शिक्का नाही. इन्शुरन्सवाल्यांनी जास्त हप्ता घ्यावा, घ्याच, आम्ही भरू. आज बदल लपवून पॉलिसी घ्यायची आणि अपघात झाला की क्लेम नाकारला जाईल या भीतीत राहायचं, त्यापेक्षा दोन-चार हजार जास्त भरलेले कधीही बरे.

नोंद आली की वाईट ट्यूनर आपोआप उघडे पडतील हेही मला दिसतं. आज गिऱ्हाईक बिल मागत नाही कारण बिल म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा. इंजिन बसलं तर तक्रार कुणाकडे करणार, आपणच कलम ५२ मोडलेलं असतं. माझ्या ओळखीच्या एकाचा पिस्टन वितळला, ट्यूनरने फोन उचलायचं बंद केलं आणि हा गप्प बसला, लाखभर रुपये घालून. ग्राहक मंचात जायचं तर आधी कबुली द्यावी लागते. जिथं गिऱ्हाईक तक्रार करू शकत नाही तिथं कारागिराला चांगलं काम करायचं कारण उरत नाही, आणि जे दोन-चार खरंच अभ्यास करून, लॉग तपासून, नाही म्हणायची हिंमत असलेले ट्यूनर आहेत त्यांची किंमत पंधरा मिनिटात फाइल टाकणाऱ्याच्या रांगेत होते. मला त्या चांगल्या लोकांचंही वाईट वाटतं, त्यातले काही इंजिनिअरिंग कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्या बनवून आलेली पोरं आहेत, हात सोन्याचे, आणि धंदा करतात तो पोलिसांच्या नजरेआड.

गेल्या दिवाळीच्या आधी मी माझी आठवी गाडी विकली. कराडच्या एका सरांनी घेतली, माध्यमिक शाळेत गणित शिकवतात, मुलगी इंजिनिअरिंगला पुण्यात. टर्बो पेट्रोल, तीन वर्षं स्टेज वनवर चाललेली. मी मॅप स्टॉक केला पण लपवलं नाही, पहिल्या फोनवरच सांगितलं आणि त्यामुळे आधीची दोन गिऱ्हाईकं गेली होती हेही सांगितलं. एक फाइल बनवली होती, आधीचा आणि नंतरचा डायनोचा कागद, कुठल्या तारखेला मॅप मारला, किती किलोमीटरला काढला, क्लचची जाडी मोजलेली, ब्रेक पॅड आणि टायरची बिलं, मूळ स्प्रिंगा एका खोक्यात. भाव बाजारापेक्षा चाळीस हजार कमी घेतला कारण त्या तीन वर्षांचा ताण त्या गाडीने सोसलाय आणि तो मीच दिलाय. सरांनी फाइल पानन् पान वाचली, शिक्षकच ते, दोन ठिकाणी पेन्सिलने खूणसुद्धा केली. मग गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आम्ही सह्या केल्या, इंजिन नंबर, चॅसिस नंबर, दोघांचे पत्ते. सरांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, ही तुमची माहिती यात कुठं लिहायची? मी म्हटलं, सर, त्याला रकानाच नाहीये. एजंट फॉर्म घेऊन गेला, फाइल मी सरांच्या हातात वेगळी दिली, आणि पुढं ते कधी गाडी विकतील तेव्हा त्यांनीही ती पुढच्याच्या हातात द्यावी एवढी विनंती केली.